जावाचे बाटिक: कापड वाचायचे कसे

योग्याकार्ता शहरातील बेरिंगहार्जो बाजारात एकाच नक्षीची तीन कापडे शेजारीशेजारी टांगलेली दिसू शकतात. तिन्हींवर तपकिरी रंगात तिरप्या ओळींनी वळत जाणारी तीच आकृती असते, लांबी-रुंदीही सारखीच असते, आणि तरीही पहिले कापड साध्या चादरीच्या भावात मिळते, तर तिसऱ्याची किंमत ऐकून माणूस ते हलकेच जागेवर ठेवून देतो. विक्रेता मात्र तिन्हींना बाटिकच म्हणतो. जावा बेटावर गेलेल्या प्रवाशाची पहिली गफलत इथेच होते. आपल्या मनात बाटिक हे एका तऱ्हेच्या नक्षीचे नाव असते. जावात ते मुळात एका कृतीचे नाव आहे, आणि ती कृती ठाऊक असेल तरच कापडावर काय लिहिले आहे ते वाचता येते.

कृतीमागचे तत्त्व समजण्यासाठी शाळेतला एक खेळ पुरेसा आहे. पांढऱ्या मेणबत्तीने कोऱ्या कागदावर नाव लिहून वरून जलरंगाचा कुंचला फिरवला, की मेणाखालची अक्षरे कोरी राहतात आणि बाकीचा कागद रंगतो. बाटिकमध्ये हेच कापडावर, वितळवलेल्या मेणाने आणि अनेक फेऱ्यांमध्ये केले जाते. जिथे रंग नको तिथे मेण लावायचे, कापड रंगात बुडवायचे, पुन्हा मेण, पुन्हा रंग, आणि शेवटी उकळत्या पाण्यात सगळे मेण काढून टाकायचे. अशा रीतीने रंग अडवून नक्षी उमटवण्याची कला जगात इतरत्रही आहे. जावाने तिला जी सूक्ष्मता दिली ती एका लहानशा हत्याराच्या बळावर.

त्या हत्याराचे नाव चांटिंग. लाकडाच्या किंवा बांबूच्या दांडीला तांब्याची इवलीशी वाटी बसवलेली असते आणि त्या वाटीतून पुढे एक वाकडी, बारीक नळी निघते. कापड लाकडी चौकटीवर दोरीवर वाळत घातल्यासारखे टाकलेले असते, बाजूला छोट्या शेगडीवर कढईत मेण वितळत असते, आणि बुटक्या स्टुलावर बसलेली कारागीर बाई (हे काम परंपरेने बायकांचे आहे) चांटिंग मेणात बुडवून, नळीच्या टोकावर हलकी फुंकर मारून, एका हाताने कापडाला खालून आधार देत रेघ ओढते. मेण फार तापले तर रेघ फुटून पसरते आणि थंड झाले तर ते नळीतच गोठते किंवा कापडात न मुरता नुसते वर बसते, म्हणून दर काही क्षणांनी हात कढईकडे जातो. हे मेण म्हणजे नुसते मधमाश्यांचे मेण नव्हे; त्यात पॅराफिन, चीड वृक्षाची राळ आणि चरबी यांचे मिश्रण असते, आणि ते प्रमाण प्रत्येक कारखाना आपल्या अनुभवाने ठरवतो. हाताने असे मेण लावलेल्या कापडाला ‘बाटिक तुलिस’ म्हणतात. ‘तुलिस’ म्हणजे लिहिणे. ज्या पांढऱ्या सुती कापडावर हे लिखाण चालते त्याला तिथे ‘मोरी’ म्हणतात, आणि मराठी माणसाने हे ऐकून चेहरा सरळ ठेवावा.

आता सर्वांत गुंतागुंतीचा भाग. मध्य जावातील अस्सल जुन्या पद्धतीच्या कापडावर पांढरा, निळा, तपकिरी आणि जवळजवळ काळा असे चार रंग दिसतात, पण रंगाची पिंपे दोनच असतात: नीळ आणि तपकिरी. दोन रंगांतून चार कसे होतात, हे समजले की बाटिक समजले. आधी नक्षीच्या सर्व रेषा एका प्रकारच्या मेणाने काढल्या जातात, जे पुढे सहज खरवडता यावे असे असते. मग जे भाग अखेरपर्यंत पांढरेच राहायचे आहेत ते दुसऱ्या, अधिक चिवट मेणाने दोन्ही बाजूंनी भरून टाकले जातात. यानंतर कापड निळीत बुडते आणि मेण नसलेला सगळा भाग निळा होतो. मग रेषांवरचे पहिले मेण पात्याने खरवडून काढतात, त्यामुळे रेषांच्या जागी पांढरे कापड उघडे पडते, आणि निळ्या भागांपैकी जे निळेच ठेवायचे आहेत त्यांच्यावर नव्याने मेण चढवतात. शेवटी कापड तपकिरी रंगात जाते, तेव्हा उघड्या पांढऱ्या रेषा तपकिरी होतात, उघड्या राहिलेल्या निळ्यावर तपकिरी चढून तो भाग काळसर होतो, आणि मेणाखालचे पांढरे व निळे जिथल्या तिथे राहते. म्हणजे कारागिराला प्रत्येक टप्प्यावर कापडाचा आजचा रंग बाजूला ठेवून त्याचा शेवटचा रंग मनात धरावा लागतो. उकळत्या पाण्यात मेण सुटेपर्यंत पूर्ण नक्षी कुणालाच दिसत नाही, तिलाही नाही. बारीक काम असेल तर एका कापडाला काही आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात, आणि त्या तिसऱ्या कापडाच्या किमतीचे कारण एवढेच आहे.

या सगळ्यात एक अडचण दडलेली आहे: गरम रंग चालत नाही, कारण मेण वितळेल. म्हणून बाटिकला थंड पाण्यात चढणारे रंग लागतात, आणि नीळ त्यासाठी जणू घडवलेलीच आहे. निळीच्या पिंपातून कापड बाहेर येते तेव्हा हिरवट दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होत जाते. गडद निळ्यासाठी ते पुन्हापुन्हा बुडवावे लागते. तपकिरी रंगाला तिथे ‘सोगा’ म्हणतात, आणि तो काही झाडांच्या साली व लाकूड एकत्र करून काढत असत. त्यांतले मुख्य झाड आपल्या ओळखीचे आहे. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर उन्हाळ्यात पिवळ्या फुलांचा सडा घालणारा सोनमोहोर, त्याचीच साल जावाच्या राजवस्त्रांना तपकिरी रंग देत आली. विसाव्या शतकात कृत्रिम रंग आले आणि आज बहुतेक ठिकाणी तेच वापरले जातात. त्यामुळे बाटिक अस्सल असणे आणि त्याचे रंग नैसर्गिक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरेदी करताना ध्यानात असावे.

भारतीय ग्राहकाची आणखी एक समजूत इथे दुरुस्त करावी लागते. आपल्याकडे बाटिक म्हटले की कापडभर पसरलेल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा डोळ्यांपुढे येतात. मेण कडक असेल, म्हणजे त्यात पॅराफिन जास्त असेल, तर ते घडीवर तडकते, रंग त्या भेगांत शिरतो आणि जाळी उमटते. आपण तिला बाटिकची सही मानतो, तर योग्याकार्ता किंवा सोलो या शहरांतल्या बारीक कामात अशी भेग म्हणजे हातून झालेली चूक समजली जाते. रवींद्रनाथ ठाकूर १९२७ साली जावाला गेले होते, आणि त्यानंतर शांतिनिकेतनात बाटिकने मूळ धरले. पुढे भारतात या कलेला वेगळे वळण लागले, आणि त्या वळणाला उणे म्हणण्याचे कारण नाही. पण जावात उभे राहून भेगा नाहीत म्हणून एखादे कापड खोटे ठरवणे हा उफराटा न्याय होईल.

बेरिंगहार्जोतील दुसरे कापड ‘बाटिक चाप’ असते. चाप म्हणजे तांब्याच्या पट्ट्या वळवून तयार केलेला ठसा, आणि हा शब्द आपल्या ‘छाप’चाच भाऊ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे ठसे रूढ झाले, आणि जे काम बाई आठवडेच्या आठवडे करत असे ते ठसा मारणारे पुरुष एका दिवसात कित्येक कापडांवर करू लागले. यातही ठशाने मेणच लावले जाते, म्हणून चाप हे खरे बाटिक आहे. पहिले, स्वस्त कापड मात्र यंत्रावर छापलेले असते. त्याला मेण कधी शिवलेलेच नसते. ते ओळखण्यासाठी कापड उलटून पाहावे. छापील कापडाची मागची बाजू फिकट असते, कारण रंग वरून बसवलेला असतो. खऱ्या बाटिकमध्ये कापड पूर्ण बुडालेले असल्याने दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात, आणि उत्तम तुलिसमध्ये तर मागच्या बाजूनेही रेषांवर मेण गिरवलेले असते. तुलिस आणि चाप यांतला फरक पुनरावृत्तीत सापडतो. एकच फूल दहा ठिकाणी पाहावे. ठशाचे फूल दहाही वेळा सारखे असते, हाताचे फूल कुठे किंचित झुकते, कुठे त्यातले ठिपके एखाद्याने कमी भरतात. नाकालाही काम द्यावे, कारण नव्या कापडाला मेणाचा मंद वास राहतो. इंडोनेशियाच्या सरकारी ‘बाटिकमार्क’ लेबलवर तुलिससाठी सोनेरी, चापसाठी चंदेरी आणि दोहोंच्या मिश्रणासाठी पांढरी अक्षरे असतात, पण सगळेच लहान कारागीर ते लेबल घेत नाहीत, म्हणून लेबल नसणे हा दोष मानू नये. छापील कापड घ्यायला हरकत काहीच नाही. ते बाटिकच्या भावाने घेऊ नये, इतकेच.

कृतीनंतर अर्थाकडे वळू. सुरुवातीला जी तिरपी, वळणारी नक्षी सांगितली तिचे नाव ‘परांग’, आणि ती कोणीही नेसावी अशी नव्हती. मताराम राज्याची १७५५ च्या तहाने योग्याकार्ता आणि सुराकार्ता (म्हणजेच सोलो) अशी दोन राज्ये झाली, आणि दोन्ही दरबारांनी काही नक्ष्या राजघराण्यासाठी राखून ठेवल्या. कोणत्या दर्जाच्या व्यक्तीने परांगची कोणती जात, किती मोठ्या आकारात नेसावी याचे नियम होते. सर्वांत मोठा ‘परांग बारोंग’ हा राजाचा. योग्याकार्ताच्या आठव्या हामेंगकुबुवोनो सुलतानाने १९२७ साली हे नियम नव्याने लिहून काढले. म्हणजे त्या काळी दरबारात शिरणाऱ्या माणसाचा हुद्दा त्याच्या कमरेच्या कापडावर वाचता येत होता. हे सगळे इतिहासजमा झाले असे समजू नये. डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाचा समारंभ सोलोच्या मंगकुनगरन राजवाड्यात झाला, तेव्हा पाहुण्यांना परांग नक्षी टाळण्याची सूचना होती. बाजारात परांगचे शर्ट ढिगाने मिळतात आणि ते रस्त्यावर घालायला कुणाची हरकत नसते, पण राजवाडा पाहायला जाताना अंगात दुसरा शर्ट असलेला बरा.

लग्नात वधूवर बहुधा ‘सिदो मुक्ती’ नेसतात. ‘सिदो’ म्हणजे होणे, घडून येणे. ‘मुक्ती’ मात्र आपली मुक्ती नव्हे. जावाच्या भाषेत या शब्दाचा अर्थ सुखसमृद्धीत नांदणे असा आहे, म्हणजे तो आपल्या ‘भुक्ती’ला जवळचा. लग्नाच्या दिवशी मोक्षापेक्षा हा आशीर्वाद अधिक योग्य वाटतो. वधूवरांचे आईवडील ‘त्रुंतुम’ नेसतात, ज्यात गडद पार्श्वभूमीवर चांदण्यांसारखी बारीक फुले विखुरलेली असतात. राजाचे दुरावलेले प्रेम परत मिळालेल्या सोलोच्या एका राणीने रात्रीचे आकाश पाहत ही नक्षी प्रथम काढली, असे परंपरा सांगते. ‘सेमेन’ या नक्षीत कोंब, वेली, मेरू पर्वत आणि गरुडाचे पंख असतात. तिच्या ‘सेमेन रामा’ या प्रकाराचा संबंध जावाच्या रामायणात रामाने बिभीषणाला केलेल्या अष्टव्रताच्या, म्हणजे राजाच्या आठ गुणांच्या उपदेशाशी जोडला जातो. हे सर्व एका मुस्लीमबहुल समाजात, मुस्लीम सुलतानांच्या दरबारात जपले गेले, आणि तिथल्या कुणाला त्यात विसंगती वाटली नाही.

एका बाबतीत जपून बोलले पाहिजे. बाटिक हजार वर्षे जुने आहे असे बाजारात सर्रास सांगतात, आणि पुरावा म्हणून तेराव्या शतकातील प्रज्ञापारमिता या बौद्ध देवीची सुंदर मूर्ती दाखवतात, जी नेदरलँड्समधील लायडेनहून १९७८ साली परत आली. मूर्तीच्या वस्त्रावर नक्षी आहे हे खरे, पण दगडात कोरलेली नक्षी मूळ कापडावर मेणाने आली होती, विणून आली होती की भारतातून आलेली होती, हे दगड सांगत नाही.

दरबारी कापडाचा हा गंभीर तपकिरी रंग सोडून उत्तर किनाऱ्याकडे गेले की जणू दुसऱ्याच देशात आल्यासारखे वाटते. चिरेबोन, पेकालोंगान, लासेम ही बंदरांची गावे; तिथे चिनी, अरब, भारतीय आणि डच व्यापारी शतकानुशतके येत राहिले आणि कापडाने प्रत्येकाची नोंद ठेवली. चिरेबोनची ‘मेगा मेंदुंग’ ही पावसाळी ढगांची नक्षी चिनी चित्रांतल्या ढगांची आठवण करून देते. लासेमचा लाल रंग बारतोंडीच्या मुळांतून काढला जाई. हे बारतोंडी म्हणजे आपल्याकडचे आलाचे झाड, ज्याच्या मुळांनी भारतातही पूर्वी लाल रंग देत. पेकालोंगानमध्ये डच वंशाच्या स्त्रियांनी चालवलेल्या कारखान्यांत युरोपीय पुष्पगुच्छ बाटिकवर अवतरले. दुसऱ्या महायुद्धात जपानी अंमल आला, सुती कापड दुर्मिळ झाले, आणि तेव्हा निघालेल्या ‘होकोकाई’ बाटिकमध्ये एकाच कापडाचे दोन अर्धे वेगवेगळ्या नक्षीने आणि रंगाने भरले गेले, म्हणजे एकच वस्त्र उलटसुलट नेसून सकाळ-संध्याकाळ वेगळे दिसावे. कापडाच्या टंचाईत नक्षी इतकी दाट व्हावी, यामागे रिकाम्या हातांना काम देण्याची निकड असावी असे मला वाटते.

याच किनाऱ्यावर भारताचा धागा सर्वांत ठळक दिसतो. मसाल्यांच्या मोबदल्यात भारतीय कापड देण्याचा व्यापार डच कंपनीच्याही आधीपासून चालत होता, आणि गुजरातच्या पाटण पटोळ्याला इंडोनेशियातील बेटांवर राजेशाही मान होता. पटोळे महाग आणि दुर्मिळ, म्हणून पेकालोंगानच्या कारागिरांनी त्याची चौकटी आणि तारे मेणाने उतरवले. त्या नक्षीला ‘जलाम्प्रांग’ म्हणतात. ती पाहताना गंमत अशी की विणलेल्या कापडाचे कोपरे-कोपरे ठिपक्याठिपक्यांनी नक्कल केलेले असतात, जणू मेणाने विणकामाचे सोंग आणले आहे.

वायांग या छायानाट्याचा इथे ओझरता उल्लेख पुरे, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण बाटिक वाचता येऊ लागले की म्हशीच्या कातड्याच्या त्या बाहुल्याही वाचता येतात. पडद्यामागून फक्त सावली दिसत असली तरी बाहुलीवर वस्त्राची नक्षी कोरून रंगवलेली असते, आणि राजा, राजपुत्र व सेवक यांचा दर्जा त्या नक्षीतून कळतो. आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या पाहिलेल्या माणसाला योग्याकार्ताच्या सोनोबुदोयो संग्रहालयातील वायांगचा प्रयोग परका वाटणार नाही. रामायणाचे प्रसंग तर ओळखीचेच असतात.

बाटिक बनताना पाहायचे असेल तर योग्याकार्ताच्या दक्षिणेस इमोगिरीच्या राजसमाध्यांजवळ गिरिलोयो गाव आहे. तिथल्या बायका पिढ्यानपिढ्या फक्त मेण लावण्याचे काम करून अर्धवट कापड शहरातल्या व्यापाऱ्यांना देत असत, आणि रंग, नाव व नफा शहराचा असे. मे २००६ च्या भूकंपाने हा परिसर उद्ध्वस्त झाला, आणि पुनर्वसनाच्या काळात त्या रंगकाम शिकल्या व तयार कापड स्वतः विकू लागल्या. आज तिथे पाहुण्याला चांटिंग हातात देऊन रुमालावर रेघ ओढू देतात, आणि पहिल्याच रेघेला मेणाचा जो डाग पडतो त्याने किमतीविषयीची तक्रार मिटते. सोलोमध्ये लावेयान ही जुन्या बाटिक व्यापाऱ्यांची, उंच भिंतींच्या गल्ल्यांची वस्ती आहे, आणि त्याच शहरातील ‘दानार हादी’ या बाटिक कंपनीच्या संग्रहालयात दरबारी, चिनी, डच आणि जपानी काळातील कापडे एकामागून एक पाहता येतात. पेकालोंगानला स्वतःचे बाटिक संग्रहालय आहे, आणि युनेस्कोने २ ऑक्टोबर २००९ रोजी बाटिकला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले तेव्हा या संग्रहालयाच्या शालेय शिक्षणाच्या उपक्रमाचीही त्याच वर्षी वेगळी दखल घेतली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ २ ऑक्टोबरला इंडोनेशियाभर कचेऱ्यांतून व शाळांतून लोक बाटिक घालतात. त्या तारखेला तिथे असलेल्या भारतीयाने गांधीजयंतीची सुट्टी त्यात खर्च करावी. योग्याकार्ताच्या मालियोबोरो रस्त्यावर मात्र एखादा गोडबोल्या अनोळखी माणूस ‘चित्रशाळेचे प्रदर्शन आजच संपते आहे’ असे सांगून गल्लीत नेऊ लागला, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे. ते प्रदर्शन उद्याही संपणारच असते.

घेतलेले तुलिस कापड घरी आणल्यावर धुण्याच्या पावडरीत घालू नये, आणि यंत्रात तर मुळीच नाही. जावात ते ‘लेराक’च्या फळांच्या फेसात धुतात. लेराक हे आपल्या रिठ्याच्याच कुळातले झाड आहे, तेव्हा वाण्याकडचा रिठा रात्री भिजत घालून सकाळी गाळून घेतला की काम होते. कापड न पिळता निथळू द्यावे, सावलीत वाळवावे आणि इस्त्री करायची झाल्यास वर दुसरे सुती कापड टाकूनच करावी.